रत्नप्रभाचं खातं सुरक्षित झालं त्याची हकिगत

धनत्रयोदशीच्या सकाळी चहा घेताना मला कळलं की माझ्या पत्नीचं खातं बंद झालं आहे. बँकेतलं नव्हे. ते मी स्वतःच उन्हाळ्यात बंद केलं होतं. हे ऑनलाइन खरेदीचं खातं. तिच्या फोनवर निरोप आला होता : "आपल्या सुरक्षिततेसाठी आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. आपण आता सुरक्षित आहात." रत्नप्रभा वैशाखात गेली. ती सुरक्षित आहे याबद्दल तोवर मला शंका नव्हती.

नुकसान काय झालं ते आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. पैसे गेले नाहीत. गेले ते तिचे अभिप्राय. रत्नप्रभा विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूखाली अभिप्राय लिहायची, मराठीत, आणि महिनाभर वापरल्यावरच. कंपनी दुसऱ्याच दिवशी विचारायची, वस्तू कशी वाटली. ती म्हणायची, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोणी विचारतं का, नवरा कसा निघाला म्हणून?"

डावाखाली तिने लिहिलं होतं : "डाव चांगला आहे. दांडा तापत नाही. आमच्याकडे हे वाढायला लागले की वरण ताटाबाहेर जातं, त्यात डावाचा दोष नाही. चार तारे." थर्मासखाली : "चहा दुपारपर्यंत कडकडीत राहतो. इतका कडकडीत चहा भोपाळच्या मे महिन्यात कोण पितं, हे कंपनीने सांगावं." एका उशीखाली : "मऊ आहे. पण हिच्यामुळे घोरणं थांबतं असं लिहिलं आहे ते खोटं आहे. महिनाभर जागून लिहिते आहे. एक तारा."

ती गेल्यापासून मी रोज जेवताना त्यातला एक अभिप्राय वाचायचो. घरात दुसरं कोणी बोलायला नसलं की आपल्या घोरण्याबद्दलची तक्रारसुद्धा चवीने वाचली जाते. बंद झालेल्या खात्याबरोबर ते सगळं दिसेनासं झालं.

खातं बंद कसं झालं हे समजायला आमचं भोपाळचं मराठी मंडळ समजून घ्यावं लागेल. भोपाळमध्ये सगळं मिळतं, पण चकलीची भाजणी मनासारखी मिळत नाही, असं आमच्या मंडळातल्या बायकांचं मत आहे, आणि त्याविरुद्ध अपील करण्याची सोय नाही. त्यामुळे भाजणी, उटणं, पितळी सोऱ्या हे सगळं ऑनलाइन मागवायचं. सगळ्यांत आधी खातं उघडलं रत्नप्रभाने, वर्षाची वर्गणीही तिनेच भरली होती. घरपोच पाठवण्याचा आकार तिला माफ होता. मंडळाची सचिव सुचेता म्हणाली, काकूंचं खातं असताना प्रत्येकीने वेगळं कशाला काढायचं. तेव्हापासून कोलार रोड, नेहरू नगर आणि मिसरोद इथली बहुतेक मराठी घरं आपापल्या फोनवर रत्नप्रभाच्या नावाने खरेदी करत होती. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी जायची. ती ताब्यात देण्याआधी डिलिव्हरीवाला जो ओटीपी मागतो, तो मात्र रत्नप्रभाच्या फोनवर यायचा.

ती गेल्यावर फोन माझ्याकडे आला आणि ओटीपीचं खातंही. मंडळातल्या शोभाताई भेटायला आल्या, डोळे पुसले, म्हणाल्या, फार मोठी पोकळी झाली हो. मग हळूच म्हणाल्या, "काकूंचा फोन चार्ज असतो ना?" मी तो चार्ज ठेवत गेलो. रोज कोणाचा ना कोणाचा फोन यायचा, काका, माणूस दारात उभा आहे. मी आकडे सांगायचो. त्या माणसाला ते टाकायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझी चौकशी व्हायची : जेवलात का, झोप लागते का. नेटवर्क मंद असलं तर चौकशी सविस्तर व्हायची. गणपतीच्या दिवसांत माझी फारच काळजी घेतली गेली.

दिवाळी जवळ आली तशी मंडळाला सुरक्षिततेची जाणीव झाली. सणासुदीत ऑनलाइन फसवणूक वाढते, अशा अर्थाचे निरोप सुचेता पहाटेपासून सगळ्यांना पाठवू लागली. त्यातल्या एका निरोपात, खात्री केल्याशिवाय कोणताही निरोप पुढे पाठवू नका, असं होतं. तोही तिने पुढे पाठवला. शेवटी 'सुरक्षित खरेदी सप्ताह' जाहीर झाला. सभागृह एकाच दिवसासाठी मिळाल्यामुळे तो धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी सकाळी सुरू होऊन दुपारी संपला.

व्याख्याते होते मंदार नावाचे सायबर सल्लागार. तरुण, नीटनेटके, बोलणं ठाम. म्हणाले, ओटीपी म्हणजे घराची किल्ली. तो कोणालाही सांगायचा नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. हे बायकांना फार पटलं. तेवढ्यात माझ्या खिशातला रत्नप्रभाचा फोन वाजला. सुचेताच्या घरी पार्सल आलं होतं, दारात सासूबाई होत्या. सुचेताने मंचावरूनच मला खूण केली. मी उभा राहून आकडे वाचून दाखवले. सभागृहात शांतता असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचले.

मंदारांनी माइक खाली केला. मग म्हणाले, "हे काय होतं?"

"ते वेगळं," सुचेता म्हणाली. "ते आपले काका आहेत."

हा खुलासा सर्वांना समाधानकारक वाटला.

मग प्रात्यक्षिक झालं. मंदार म्हणाले, सगळ्यांनी खरेदीचं ॲप उघडा. आपलं खातं आणखी कुठल्या भागातल्या फोनवर चालू आहे ते बघा. अनोळखी फोन दिसला तर त्याच्यापुढचं 'हे मी नाही' हे बटण दाबा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग शोभाताईंचा बारीक आवाज आला, "अगंबाई, माझ्या खात्यात सगळं गाव शिरलंय."

"माझ्यात मिसरोदचा कोणीतरी बसलाय," नेहरू नगरच्या एक बाई म्हणाल्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या मिसरोदच्या बाई म्हणाल्या, "माझ्यात नेहरू नगरचा आहे. तुमच्याच भागातला दिसतो, जरा चौकशी करा ना."

मंदारांना घाम फुटला. इतक्या मोठ्या टोळीबद्दल आपण फक्त प्रशिक्षणात ऐकलं होतं, असं ते म्हणाले. वेळ घालवू नका, दाबा. मी हात वर केला. सुचेता म्हणाली, काका, प्रश्न चहानंतर. तोवर सगळ्यांनी एकमेकांना दाबून टाकलं होतं. प्रत्येक घराने कंपनीला कळवलं की रत्नप्रभा या नावाने खरेदी करणारी बाकीची सगळी माणसं चोर आहेत. कंपनीला एवढे साक्षीदार एकाच खात्याबद्दल कधी मिळाले नसतील.

चहानंतर मंदारांनी मंडळ पूर्ण सुरक्षित झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यांच्या आईलाही भाजणी हवी आहे, तर याच खात्यावर जमेल का.

धनत्रयोदशीला निरोप वाचल्यावर मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली.

"सर, अकाउंट होल्डर से बात करवा दीजिए।"

"वो अब नहीं रहीं।"

"कोई बात नहीं सर। किस समय उपलब्ध रहेंगी?"

मी म्हणालो, सांगता येत नाही. तिने तिच्या साहेबांना जोडून दिलं. साहेब समजूतदार होते. त्यांनी मला दोन मार्ग सांगितले. पहिला, खातेदाराने कॅमेऱ्यासमोर यायचं, मान डावीकडे-उजवीकडे वळवायची आणि पापण्यांची उघडझाप करायची. त्यावरून ती व्यक्ती जिवंत असल्याचं यंत्राला कळतं. दुसरा, मृत्यूचा दाखला पाठवायचा. मग दिवंगत व्यक्तीच्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून खातं आणि त्यातलं सगळं कायमचं पुसण्यात येतं.

मी विचारलं, खातं पुसा, पण तिचे अभिप्राय तेवढे राहू देता येतील का. साहेब म्हणाले, अभिप्राय ही ग्राहकाची खाजगी माहिती आहे, आणि माहिती सर्वांत सुरक्षित कधी असते, तर ती नसते तेव्हा. मग त्यांनी आपल्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल ते विचारलं. मी म्हणालो, महिनाभर थांबून सांगतो.

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक झाली. भाजणी वाटेत अडकली होती, चकल्या कशाच्या करायच्या हा प्रश्न होता. नवं खातं काढायचं ठरलं. पण कोणाच्या नावावर, यावर एकमत होईना, कारण इतक्या लोकांना स्वतःचं खातं वापरू देणं धोक्याचं आहे हे आता सर्वांना माहीत झालं होतं. शेवटी माझं नाव पुढे आलं. सुचेता म्हणाली, काका घरीच असतात, आणि त्यांना सवय आहे. तिने फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरला. मी मान वळवली, पापण्या हलवल्या. हिरवी खूण उमटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जिवंत असल्याचा मंडळाला इतका आनंद झालेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

जाण्यापूर्वी मी विचारून घेतलं, रत्नप्रभाचे अभिप्राय कोणी कधी वाचले होते का. एखादा आठवत असेल, कोणी फोटो काढून ठेवला असेल. शोभाताईंना खरंच वाईट वाटलं.

"काकू लिहायच्या होय? आम्ही नुसते तारे बघतो हो, काका. वाचत कोण बसतं?"

मी त्यांना दोष देत नाही. तुम्हीही तारेच बघता. आज घरी गेल्यावर तुमचं खातं कोणाच्या नावावर आहे ते मात्र बघून घ्या. बायकोच्या नावावर असेल तर तिला फोनसमोर उभी करून पापण्या हलवायला सांगा. ती वेड्यात काढेल. काढू द्या.

रत्नप्रभाचं खातं अजून पुसलेलं नाही. ते उघडलं की 'खातेदाराची प्रतीक्षा आहे' एवढंच दिसतं. दाखला पाठवला की तेही दिसणार नाही. दाखल्याचा फोटो काढून झाला आहे. तो पाठवायचा राहिला आहे.