दाराबाहेरची वादी

निवडणुकीला दोनच दिवस उरले असताना ओबादिया क्रॅबट्रीने आपल्या दाराच्या वादीला अस्वलाची चरबी चोळली, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

वॅबॅश नदीकाठच्या त्या जंगलात ओंडक्यांच्या प्रत्येक घराला आतून लाकडी खिटी असे. ती बाहेरून उचलायला चामड्याची एक वादी दाराच्या भोकातून लोंबत असे. वादी बाहेर असली म्हणजे ओढा, आत या, बसा. वादी आत असली म्हणजे आपली वाट धरा. वादी आत घेणाऱ्याशी लोक भांडत नसत, त्याच्याशी बोलणंच टाकत.

ओबादियाला यंदा काही झालं तरी आमदार व्हायचं होतं. मागच्या खेपेला तो पडला, तेव्हा लाजेने कित्येक दिवस गिरणीवर दळण घेऊनसुद्धा गेला नव्हता. यंदा समोर व्हिटलॉक दुकानदार होता, आणि त्याच्या दाराला पितळी कुलूप होतं. ओबादियाला एवढं भांडवल पुरलं. "माझी वादी बघा! कधी आत गेलेली पाहिलीय कुणी?" हे तो भेटेल त्याला ऐकवत सुटला होता.

आज मतदार घरी यायचे होते. चुलीवर हरणाचं मांस रटरटत होतं, कोपऱ्यात व्हिस्कीचा बुधला तयार होता. वादी लांबूनच नजरेत भरावी म्हणून ओबादियाने ती चांगली चकचकीत केली, दार ओढून घेतलं आणि मक्यात शिरलेली डुकरं हाकलायला गेला. बायको केझिया घरात आहे की नाही, हे त्याने पाहिलं नाही. तसं तो एरवीही पाहत नसे.

ड्रमर कुत्र्याने मात्र वादी पाहिली. चरबी लावलेली वस्तू आपल्यासाठीच टांगली आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली.

ओबादिया परतला तेव्हा अंगणात मंडळी जमली होती. सगळ्यांच्या पुढे म्हातारा जेप्था काठीवर हनुवटी टेकून दाराच्या रिकाम्या भोकाकडे बघत होता.

"काय रे ओबादिया, तुझी ती जगप्रसिद्ध वादी कुठाय?"

ओबादियाने भोक चाचपलं. "असेल की इथंच, जेप्थाकाका. वारा आहे ना आज..."

"वाऱ्यानं वादी आत ओढली?"

"धुराड्यातून धूर निघतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे घरात माणूस आहे. आम्हाला बघूनच ओढली असेल."

"व्हिटलॉकचं कुलूप बरं मग. निदान आधीपासून दिसतं तरी!"

दोनचार जण घोड्यांकडे वळले. आता काहीतरी बोलणं भाग होतं, आणि ओबादिया जे सुचलं ते बोलला. "अहो, हे बायकोचं काम! अस्वलांना भिते ती. शंभरदा सांगितलं तिला, पण ऐकेल तर शपथ." मग दारावर बुक्क्या मारत तो ओरडला, "अगं ए केझिया! उघड दार! पाहुणे उभेत बाहेर!"

दार काही उघडलं नाही.

"रुसलीय," ओबादिया हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "डोकं जरा तिरसटच आहे तिचं."

"मग फोड दार."

पण ते दार जाड ओकच्या फळ्यांचं होतं. ते अस्वलालाही फुटायचं नाही, असं ओबादियाच वर्षभर सांगत होता. राहिली खिडकी. तिला काचेऐवजी तेल लावलेला कागद होता. ओबादियाने डोक्यानेच तो फाडला, खांदे आत घातले, छाती घातली. पोटाशी मात्र काम अडलं, कारण प्रचारात प्रत्येक घरी पाहुणचार घ्यावाच लागतो. तो ना पुढे सरके, ना मागे. आत त्याला रिकामी खोली दिसत होती आणि लागत चाललेलं मांस. बाहेर मतदारांना त्यांच्या उमेदवाराची दुसरी बाजू दिसत होती.

"काय चाललंय हे?"

केझिया झऱ्यावरून पाण्याची बादली घेऊन आली होती. ती नुकती आली नव्हती. चांगला बराच वेळ कुंपणापाशी उभी होती.

"वहिनी!" जेप्था चपापला. "तुम्ही तर आत रुसून बसला होतात ना?"

"ऐकलं मी ते." तिने गोठ्याकडे मान वळवली. तिथे ड्रमर वादीचं शेवटचं टोक डोळे मिटून चघळत होता.

केझियाने अंबाड्यात खोचलेली विणायची सुई काढली, दाराच्या फटीत घातली आणि खिटी उचलली. "या, बसा सगळे," ती म्हणाली. मंडळी टोप्या काढून आत गेली.

खिडकीतलं डोकं कळवळून म्हणालं, "अगं, आधी मला काढ ना!"

"पाहुणे जेवू देत," केझिया म्हणाली आणि मांस वाढू लागली.

ओबादियाने लटकत्या अवस्थेतच भाषण सुरू केलं. लोकांनी ते खात खात, मोठ्या समाधानाने ऐकलं.

तिकडे मत तोंडाने, सगळ्यांसमोर सांगायची रीत होती. ओबादिया चांगल्या फरकाने निवडून आला. भाषण लागू पडलं, असं तो पुढे कितीतरी दिवस म्हणत होता. खरं कारण जेप्थाने मत देऊन परतताना व्हिटलॉकला सांगितलं होतं. "तू निवडून राजधानीला गेलास तर दुकान बंद पडेल. तो गेला तर हिवाळाभर वहिनीला जरा शांतता मिळेल."

हिवाळ्याच्या अखेरीस आमदारसाहेब राजधानीहून परतले. तिथे सगळे त्यांना सन्माननीय सदस्य म्हणत, आणि ते ऐकायची त्यांना सवय झाली होती. बर्फ गुडघ्यापर्यंत होतं. धुराड्यातून धूर निघत होता, मक्याच्या भाकरीचा वास येत होता. खिडकीला नवा कागद होता आणि चौकट चांगली अरुंद करून घेतलेली दिसत होती. घोड्यावरून उतरून त्यांनी दाराशी हात नेला. भोक रिकामं होतं.

"केझिया! अगं, मी आलोय! वादी कुठाय?"

आत खुर्चीची करकर थांबली, सुयांची टिकटिक थांबली. केझियाच्या पायाशी झोपलेला ड्रमर मालकाच्या आवाजाने एकदा भुंकला.

"कुत्र्यानं खाल्ली," आतून केझिया म्हणाली, आणि सुया पुन्हा चालू झाल्या.