शिंगाळी मावशीचा श्वास आणि पहिल्या नंबरचे कोल्हेसर

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, पाणवठा होता आणि मोबाईलला भरपूर रेंज होती. तरी वाघमहाराजांना वाटलं, काहीतरी कमी आहे. त्यांनी विचार केला आणि जंगलात पर्यावरणशास्त्र हा विषय सक्तीचा करून टाकला.

"पण महाराज, आपण पर्यावरणातच राहतो ना?" एका भेकराने विचारलं.

"राहणं वेगळं आणि पास होणं वेगळं," महाराज म्हणाले.

भेकराला ते पटलं. वाघाने सांगितलेलं भेकराला नेहमी पटतं.

विषय नवा होता. पुस्तकं नव्हती, शिक्षकही नव्हते. शिक्षणखातं अस्वलाकडे होतं. "ऑनलाइन सगळं मिळतं," असं जाहीर करून अस्वल मध खायला निघून गेलं.

त्या जंगलात वेणू नावाची एक शेकरू आपल्या आईबरोबर उंबराच्या शेंड्यावर राहायची. वेणूला परीक्षा द्यायची होती. तिने फोनवर 'पर्यावरणशास्त्र' असं टाइप केलं आणि शोध घेतला.

सगळ्यात वर एक सुंदर लेख आला. 'निरोगी जंगलासाठी हरणांनी रोज खोल पाण्यात उतरावं.' लेखकाचं नाव होतं 'एक हितचिंतक'. शेजारी एका मगरीचा हसरा फोटो होता. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं होतं. वेणूचे डोळे चांगले होते म्हणून तिला ते दिसलं.

त्याखाली, जाहिरात सोडली तर पहिल्या नंबरवर, होते कोल्हेसर.

कोल्हेसरांना कोण ओळखत नाही? त्यांनी बिनकाचेचा चष्मा घातला होता आणि मागे रिकाम्या कपाटाचं चित्र लावलं होतं. "पर्यावरण एका मिनिटात!" सर ओरडले. "शेवटपर्यंत बघा, नाहीतर पृथ्वी संपेल! ऑक्सिजन म्हणजे चांगला वायू. कार्बन म्हणजे वाईट वायू. चांगल्याशी मैत्री करा, वाईटाला ब्लॉक करा. चला, झाला धडा. लाईक करा!"

आईने मागून वाकून लाईक केलं.

"आई, सरांना हे कुणी सांगितलं?" वेणूने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी कुठे वाचलं, काय पाहिलं, काहीच बोलत नाहीत ते."

"अगं, सगळं जंगल बघतं त्यांना. पहिल्या नंबरवर आहेत. बाकीचे सगळे काय वेडे आहेत का?"

या प्रश्नाचं उत्तर जेवणाआधी देता येण्यासारखं नव्हतं. वेणू जेवायला बसली.

पुढे काय झालं, तर महाराजांनी ठरवलेला जंगलाचा पर्यावरण दिन आला. आता विषयच सक्तीचा म्हटल्यावर दिन साजरा व्हायला नको का? फांद्या तोडून कमानी उभारल्या. वेली उपटून तोरणं बांधली. फुलांच्या पायघड्या घातल्या. फोटो काढायला ऐटदार जागा हवी म्हणून ओढ्याच्या तोंडाशी, जिथून पाणी पाणवठ्यात उतरायचं तिथेच, दगडांचा कट्टा रचला. अस्वलाचं 'झाडे वाचवा' या विषयावर भाषण झालं. कार्यक्रम संपल्यावर सगळा पाला, सगळी फुलं, सगळी तोरणं पाणवठ्यात लोटून दिली.

"निसर्गाचं निसर्गाला अर्पण!" अस्वल म्हणालं. टाळ्या पडल्या.

थोडे दिवस गेले. पाणी हिरवं झालं, मग काळपट झालं. वास सुटला. एका सकाळी वेणू पाणी प्यायला उतरली, तर काठाशी शिंगाळी मावशी पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होती. शिंगाळी मावशी म्हणजे मोठ्या मिशांची, मोठ्या मनाची मासोळी. वेणू लहान असताना पाण्यात पडली होती, तेव्हा मावशीनेच तिला ढकलत ढकलत काठाला आणलं होतं.

"मावशी, काय झालं गं?"

"श्वास पुरत नाही बाई," मावशी म्हणाली. "पिल्लं तर अगदी मलूल झालीत. माणूस असते तर कडेवर घेऊन दुसऱ्या गावी गेले असते. पण मला ना कड, ना पाय."

परीक्षा गेली खड्ड्यात, वेणूला वाटलं. मावशी वाचली पाहिजे.

तिने जंगलाच्या ग्रुपवर विचारलं. विचारायचा अवकाश, कोल्हेसरांचा व्हिडिओ आलाच. "पाणी हिरवं झालं? घाबरू नका! मोहाची फुलं टाका. जितकी जास्त, तितकं पाणी शुद्ध!"

मोहाचे दिवस होते. सगळ्यांनी पाठीवरून, शेपटीवरून, तोंडातून फुलं आणली आणि पाणवठ्यात ओतली. दुसऱ्या दिवशी पाण्याला गोडसर वास आला. तिसऱ्या दिवशी ज्याने त्याने पोटभर पाणी प्यायलं. रानगवा गाऊ लागला. रानडुकराने एका वारुळाला लग्नाची मागणी घातली आणि होकार मिळाल्याचं सगळ्यांना सांगितलं. इतकं आनंदी जंगल कुणी पाहिलं नव्हतं.

"उपाय लागू पडला!" सगळे म्हणाले.

फक्त मासे काही म्हणत नव्हते. त्यांना तेवढा दम नव्हता.

वेणू पुन्हा फोन घेऊन बसली. मोहाच्या फुलांचा उपाय तिला बऱ्याच पानांवर सापडला. एवढे सगळे सांगताहेत म्हणजे खरं असेल, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिचं लक्ष गेलं. प्रत्येक पानावर 'मोहाची मुले टाका' असं लिहिलं होतं. एकच चूक, सगळीकडे. पानं पोपटांची होती. तिने एका पोपटाला गाठलं.

"तुला हे कुठून मिळालं?"

"दुसऱ्या पोपटाकडून."

"आणि त्याला?"

"माझ्याकडून," पोपट अभिमानाने म्हणाला.

वेणू खाली खाली जात राहिली. जिथे कुणी जात नाही अशा तळाच्या पानावर तिला एक नाव दिसलं. 'साचलेल्या पाण्यातला प्राणवायू: काही नोंदी.' पान उघडायला इतका वेळ लागला की तेवढ्यात तिने एक उंबर खाऊन घेतलं. चित्र नव्हतं, गाणं नव्हतं. लिहिणारं होतं एक कासव. ते कुठल्या तळ्याकाठी राहतं, कधी पाहिलं, कसं मोजलं, आधी कुणाचं काय वाचलं, सगळं दिलं होतं. पाण्यात पालापाचोळा कुजू लागला की तो कुजवणारे बारीक जीव प्राणवायू संपवतात आणि माशांना उरत नाही, असं कासवाने लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'हे मी लहान तळ्यांतच पाहिलं आहे. मोठ्या तलावाबद्दल मला खात्री नाही.'

वेणूने ती ओळ पुन्हा वाचली. इंटरनेटवर कुणालातरी एखाद्या गोष्टीची खात्री नव्हती!

तरी तिने एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. आणखी शोधल्यावर तिला दूरदेशीच्या एका बदकबाईंचा लेख मिळाला. बाई कासवावर चांगल्याच घसरल्या होत्या. पाणी सुधारायला कासव म्हणतं त्याहून जास्त वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण कारण दोघांनीही एकच दिलं होतं. वेणूला बरं वाटलं. भांडताहेत म्हणजे एकमेकांचं उतरवून घेतलेलं नाही.

दोघांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. अशा पाण्यात पहाटे सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण रात्रभर उन्हाविना पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू बनवत नाहीत. वेणू फटफटायच्या आत पाणवठ्यावर गेली. सगळं पाणी उघड्या तोंडांनी भरलं होतं. ती दुपारी पुन्हा गेली, तेव्हा तोंडं कमी झाली होती.

"रोज असंच होतं का गं मावशी?"

"पहाटे तर वाटतं, आता संपलं. उन्हं वर आली की जरा बरं."

वेणूने धावत जाऊन ग्रुपवर सगळं लिहिलं. कुजका पाला काढा, फुलं काढा, कट्टा हलवून ओढ्याचं पाणी आत येऊ द्या. दोन्ही लेखही जोडले.

"एवढं लांबलचक कोण वाचणार?" मोराने लिहिलं.

"व्हिडिओ नाही का?" सशाने विचारलं.

"कट्टा आपल्या संस्कृतीचा भाग आहे," अस्वलाने लिहिलं. कट्टा होऊन अजून महिनाही झाला नव्हता.

वेणू रडवेली होऊन घरी आली. आईने विचारलं, "काय झालं?" वेणूने आईचा हात धरला आणि तिला सरळ पाणवठ्यावर नेलं. आईने लेख वाचला नाही. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीने "या वहिनी" म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

मग आई जी ओरडली, ती तीन डोंगरांपलीकडे ऐकू गेली.

"गवाभावोजी! उठा! गाणी पुरे झाली. तो कट्टा ढकला! आणि डुक्करभाऊ, वारूळ कुठे पळून जात नाहीये, आधी हा गाळ उपसा! लेकरं मरताहेत इथे आणि तुम्ही लाईक कसले करताय?"

लेखाला नाही म्हणता येतं. शेकरूच्या आईला नाही म्हणता येत नाही. रानगव्याने डोकं लावून दगड ढकलले. डुकरांनी नाकाडांनी पाला बाहेर काढला. ओढा उड्या मारत पाणवठ्यात शिरला. मासे लगेच बरे झाले नाहीत. बदकबाईंचंच खरं ठरलं, वेळ लागला. पण एका पहाटे वेणू गेली तेव्हा पाण्यावर एकही तोंड नव्हतं. तिने वाकून पाण्यात पाहिलं. तेवढ्यात खालून बुडबुडे आले आणि मागोमाग मावशीच्या मिशा.

"सगळी खाली झोपलीत," मावशी म्हणाली. "हळू बोल. उठवलीस तर तूच सांभाळ."

त्याच दिवशी कोल्हेसरांचा नवा व्हिडिओ आला. "पाहिलंत? मोहाच्या फुलांचा गुण यायला थोडे दिवस लागतातच!" वाघमहाराजांनी सरांना 'पर्यावरणमित्र' पुरस्कार दिला. परीक्षेचा पेपरही सरांनीच काढला. पहिलाच प्रश्न होता, 'पाणी हिरवे झाल्यास कोणती फुले टाकावीत?' वेणूने उत्तर लिहिलं, 'कोणतीही नाही,' आणि खाली कारण लिहिलं.

वेणू नापास झाली.

ती घरी आली तेव्हा आई फोन डोळ्यांजवळ धरून काहीतरी पुटपुटत होती.

"आई, मी नापास झाले."

"हो का? बस, उंबर खा. पुढच्या वर्षी पुन्हा दे," आई म्हणाली. "पण मला आधी हे सांग, या बदकबाईंना कासवाने उत्तर दिलं की नाही? की आपलं गप्पच बसलं मेलं?"

वेणू हसली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. मग दोघी मिळून पान उघडायची वाट बघू लागल्या.

तात्पर्य: बाळांनो, पहिल्या नंबरवर जे दिसेल त्यावरच विश्वास ठेवावा. वेळ वाचतो, परीक्षेत पास होता येतं आणि पुरस्कारही मिळतो. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं असल्या चौकशा माशांनी कराव्यात. त्यांना श्वास घ्यायचा असतो.