सात ढेपांचा शिवशंकर

तुलाभाराला सत्तर दिवस उरले असताना शिवशंकर ब्याण्णव किलो तीनशे ग्रॅम भरला. वजन त्याने स्वतःच केलं. स्वतःच्या किराणा दुकानातल्या पोती तोलायच्या काट्यावर, सकाळी शटर अर्धं खाली ओढून. काटा सरकारी शिक्क्याचा होता आणि त्यावर शिवशंकरने आजवर कुणाला खोटं माप दिलं नव्हतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

"किती?" शटरबाहेरून नागरत्नाने, त्याच्या बायकोने विचारलं.

"नव्वदच्या आसपास."

"आसपास म्हंजे अलीकडं का पलीकडं?"

शिवशंकर काट्यावरून उतरला. "पलीकडं."

अडचण तब्येतीची नव्हती. बावन्नाव्या वर्षी हुलसुरात ब्याण्णव किलोची माणसं पुष्कळ होती आणि ती सुखात होती. अडचण गुळाची होती. मागच्या गल्लीत राहणाऱ्या शरणम्माच्या माजघरात, भिंतीला टेकवून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या गुळाच्या सात ढेपा ठेवल्या होत्या. दहा किलोची एक. सात ढेपांचे सत्तर किलो, आणि चैत्रातल्या वीरभद्राच्या जत्रेत याच गुळाला, म्हणजे त्याच्या भारोभार, शिवशंकरला तराजूत बसवायचं होतं.

शरणम्मा त्याच्या आईची थोरली बहीण, म्हणून तो तिला दोड्डव्वा म्हणे. वय एक्याऐंशी. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा सोयीप्रमाणे चाले. नवस पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा होता. सात वर्षांचा शिवशंकर टायफाइडातून उठला तेव्हा आईने त्याला हवापालटाला दोड्डव्वाकडे आणून सोडलं होतं. तिचं तेव्हा उसाचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला रस उकळायला लागला की त्याचा वास गावच्या वेशीपर्यंत जाई. पोरं उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून चाटत बसत आणि काम संपलं की गडी गंमत म्हणून एकेकाला तराजूत बसवत. त्या दिवशी एका पारड्यात दोन ढेपा होत्या. दुसऱ्यात शिवशंकरला बसवलं आणि तो पतंगासारखा वर गेला. गडी हसले. दोड्डव्वा हसली नाही. तिने काहिलीकडे तोंड करून हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. या पोराला माझ्या हातच्या गुळाला बसवीन, एवढंच घरच्यांना नंतर कळलं.

पुढे तो पंचविसाव्या वर्षी, लग्नाच्या साली, पुन्हा त्याच तराजूत बसला. सात ढेपा आणि शिवशंकर, काटा सरळ मधोमध. गड्यांनी टाळ्या वाजवल्या. दोड्डव्वा मात्र तोंड वळवून म्हणाली, "अजून न्हाई. पुढच्या साली बघू." पुढच्या साली तिचा नवरा गेला, मग विहीर आटली, मग ऊस कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळाच्या जागी सोयाबीन आलं. सत्तावीस वर्षं पुढची सालं येत राहिली. औंदा तिने हट्टाने गुंठाभर ऊस लावला, शेजारच्या गावी जाऊन स्वतः समोर बसून गूळ पाडून घेतला आणि नेमक्या सातच ढेपा झाल्या.

"तू सात ढेपांचा हायस," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

"दोड्डव्वा, आता जरा जास्तीचा हाय. दुकानातल्या दोनतीन ढेपा घालू की."

"नवस काय दुकानातून आणतेत व्हय रे?"

जत्रेत सगळ्या गावासमोर म्हातारीचा गूळ कमी पडला असता, पारडं हवेत लटकलं असतं आणि पंचेचाळीस वर्षांचा नवस तिथेच अपुरा राहिला असता. तिला पुन्हा ऊस लावायला सांगायचं तर वय एक्याऐंशी. गूळ वाढणार नव्हता. म्हणजे शिवशंकरनेच कमी व्हायला हवं होतं. बावीस किलो. दोड्डव्वाला न सांगता, कारण सांगितलं असतं तर तिने गुंठ्याच्या जागी दहा गुंठे लावले असते.

नागरत्नाने त्याच दिवशी तेलाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. सकाळी ताक, दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि मेथी, रात्री मुगाचं पाणी. पवित्राने, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ लावून दिले. त्यातली बाई एका दमात चाळीस जोर काढी आणि वर हसे.

"अप्पा, जोर काढायलाव का पोटावर झोका घ्यायलाव?" पवित्राने दारातून विचारलं.

"खाली जायलोय की."

"खाली जायलाव. वर कामून येईनाव?"

तरी पाच आठवड्यांत काटा शहाऐंशीवर आला. शिवशंकरची मान ताठ झाली. गिऱ्हाईक नसलं की तो गल्ल्यामागे उभा राहून पोट आत ओढून धरी. याच अभिमानाच्या भरात त्याने एका सकाळी पाय साखरेच्या पोत्यावर ठेवून जोर काढायला घेतले. बाई व्हिडिओत तसंच करत होती, फक्त तिच्या पायाखाली पोतं नव्हतं. पोतं सरकलं, शिवशंकर समोरच्या दगडी पाट्याच्या कडेवर आदळला आणि वरचा पुढचा दात मुळापासून गेला.

बसवकल्याणच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून पाहिलं. "सूज उतरल्याशिवाय नवा बसत न्हाई. महिना धरा."

"जत्रा पाच आठवड्यांवर हाय," शिवशंकरला म्हणायचं होतं. सुजलेल्या तोंडातून "हाय" तेवढं धड आलं. बाकीच्यातून वारा गेला.

दाताची फट मोठी होती आणि त्यातून नेमका 'स' निसटत होता. किराणा दुकानदाराला यापरतं वाईट अक्षर नाही. "हाखर हंपली," तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. "हाबण हाय, हाबुदाणा हांजच्याला येईल." शाळकरी पोरी मुद्दाम सुंठ-सुपारी आहे का विचारायला येऊन जात. हे सगळं त्याने सोसलं असतं. पण त्याची खरी परीक्षा दुकानात नव्हती, दोड्डव्वाच्या चुलीपुढे होती.

या घरांत बाजार मराठीत चाले, भांडण दोन्हीत आणि ताटावरचं बोलणं कन्नडात. जेवणाऱ्याला पुरे झालं की तो 'साकु' म्हणे आणि आणखी हवं असेल तर 'हाकु', म्हणजे वाढ. एवढ्याशा फरकावर हुलसुरातली निम्मी पोटं सुखरूप होती. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर शिवशंकर दोड्डव्वाकडे डोकावे. ती अर्धी भाकरी वाढे, तो लगेच "साकु" म्हणून उठे. सात वर्षांचा असल्यापासून त्याने तिच्या पानावर हाच एक शब्द उच्चारला होता. तापातून उठलेलं पोरगं दोन घासांत "साकु" म्हणायचं आणि ती वाडगा घेऊन त्याच्या मागे गुऱ्हाळभर फिरायची.

दात गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने हुग्गी केली होती. गव्हाची खीर, नव्या गुळाची, वर तूप. एक पळी पानात पडली.

"हाकु," शिवशंकर म्हणाला.

दोड्डव्वाचा हात थांबला. "काय म्हणलास?"

"हाकु, हाकु!" तो घाईने म्हणाला आणि हात आडवा धरला.

म्हातारीने उजवा कान पुढे केला, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. दुसरी पळी पडली, मग तिसरी. आडव्या हातावर तूप पडलं.

"हाकु न्हाई गं, हाकु!" शिवशंकर कळवळून ओरडला.

"वाढायलेय की राजा, दम धर!"

दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा केला आणि सरळ मराठीत "पुरे!" म्हणाला. तिसऱ्या दिवशी पानात पुऱ्या होत्या. मग त्याने "बस" म्हणून पाहिलं, ते "बह" झालं, आणि ती म्हणाली, "बसलेच की तुझ्यासमोर. जाते कुठं?" शेवटी त्याने नागरत्नाला पाठवलं. ती तासाभराने परतली. पदराखाली शेंगांच्या चार पोळ्या होत्या.

"हांगितलीह?"

"काय सांगू?" नागरत्ना खाली बसली. "शेजारणींना बोलावून सांगायल्यात त्या. माझ्या शिवूनं मागून खाल्लं म्हणून. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारची ईरम्मा तर रडायलती. मी त्यांच्यात जाऊन सांगू, की दात पडलाय म्हणून?"

शिवशंकरने पोळ्यांकडे पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला. "नको हांगू."

त्या दिवसापासून तो सकाळी उपास करी आणि संध्याकाळी त्याची फेड करी. काटा शहाऐंशीवरून एकोणनव्वदवर गेला, मग एक्याण्णववर. पवित्राने दोरीवरच्या उड्या सुरू करून दिल्या, तेव्हा फळीवरचा तेलाचा डबा हलून खाली आला आणि नागरत्नाने दोरी काढून घेतली. एका संध्याकाळी, चौथ्या होळिगेच्या, म्हणजे पुरणपोळीच्या, मध्यावर, शिवशंकरची नजर माजघराच्या भिंतीकडे गेली. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं.

"दोड्डव्वा, ढेपा पाचच कशा?"

"सहावी काल संपली. सातवी हुग्गीत गेली."

शिवशंकरच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणजे तो ज्या गुळाला बसायचा होता, तोच गूळ खात होता. इकडे पारडं जड होत होतं आणि तिकडचं हलकं. त्याने आयुष्यभर तागडी धरली होती, पण दोन्ही बाजूंनी असा घाटा त्याने पाहिला नव्हता.

"तो नवहाचा गूळ हाय!"

"मग?" दोड्डव्वाने होळिगेवर तूप सोडलं. "नवस बी तुझाच हाय की. खा."

जत्रेच्या आदल्या दिवशी नवा दात बसला. दुकानात येऊन शिवशंकरने पहिल्यांदा मोठ्याने "साखर, साबण, साबुदाणा" म्हटलं, मग काट्यावर उभा राहिला. पंच्याण्णव. त्याने शटर पूर्ण खाली ओढलं, गोदामातल्या पाच ढेपा पोत्यात भरल्या आणि देवळाच्या निंगप्पा पुजाऱ्याला जाऊन भेटला.

"म्हातारीच्या ढेपांखाली ह्या ठिवा. फडकं टाका वरून. तिला दिसत बी कमी."

"देवाला दिसतंय की, शिवण्णा."

"देवाला मी बघतो. तुम्ही दोड्डव्वाला बघा."

जत्रेच्या सकाळी देवळासमोर लाकडी तराजू उभा होता. हलगी थांबली. एका पारड्यात फडक्याने झाकलेला गूळ होता. शिवशंकर दुसऱ्यात बसणार, एवढ्यात शरणम्मा काठी टेकत गुळापाशी आली, वाकली आणि फडक्यावर नाक ठेवलं.

"हा माझा गूळ न्हाई."

"तुझाच हाय, दोड्डव्वा!"

"कान गेलेत रे माझे, नाक न्हाई." तिने फडकं ओढलं. "ह्याला चुन्याचा वास यायलाय. काढा हा दुकानातला."

निंगप्पाने शिवशंकरकडे पाहिलं. शिवशंकरने जमिनीकडे पाहिलं. पाच ढेपा निघाल्या, पाच राहिल्या. पारड्यात बसताना शिवशंकरने श्वास वर ओढून धरला, जणू त्याने पंचेचाळीस किलो कमी होणार होते. पारडं धप्पकन दगडाला टेकलं आणि दोड्डव्वाचा गूळ झर्रकन हवेत गेला. नागरत्नाने पदर तोंडाला लावला. वर लटकलेल्या त्या पाच ढेपांकडे बघवेना म्हणून शिवशंकरने डोळे मिटले.

"निंगप्पा," म्हातारीचा आवाज आला. "कोण जड हाय? मला नीट दिसंना. सांग मोठ्यानं."

निंगप्पा चाचरला. "शिवण्णा जड हाय, अव्वा. गूळ... गूळ कमी पडला."

"अजून मोठ्यानं!"

"शिवण्णा जड हाय!"

शरणम्माने काठी खाली टाकली आणि वीरभद्राकडे हात जोडले. "फिटला रे देवा, नवस फिटला!"

"फिटला कसा, अव्वा?" निंगप्पाने विचारलं. "बरोबरी तर झाली न्हाई."

"बरोबरी कुणी मागितली होती? बरोबरी लग्नाच्या साली झालती, ती मी परत केली. दोन ढेपांना पोरगं वर उडालं त्या दिवशी काय म्हणले होते मी? माझ्या हातच्या गुळाला हे पोरगं जड होऊ दे. जड! आन राहिलेल्या दोन ढेपा शोधू नका. त्या बी त्याच पारड्यात हायत, त्याच्या पोटात."

गर्दीतून पहिला हसला तो निंगप्पा. मग हलगीवाल्याने हलगी उचलली. शिवशंकर पारड्यातून उठेना. पाच आठवड्यांचं मुगाचं पाणी, चाळीस जोर काढणारी ती बाई आणि पाट्यावर गेलेला दात एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. दोड्डव्वा जवळ आली आणि त्याच्या गालावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"मध्यी महिनाभर जरा वाळलास की रे," ती म्हणाली. "भ्यालते मी."

दुपारी देवळाच्या ओवरीत पंगत बसली. नवसाच्या गुळाची हुग्गी होती, आणि शिवशंकरच्या पानावर वाढायला दोड्डव्वा स्वतः आली होती. एका हाताने खांब धरून, दुसऱ्या हातात पळी. शेजारी नागरत्ना होती, तिच्या पलीकडे पवित्रा. पहिली पळी पडली. दुसरी पडली. तिसरी पळी अधांतरी धरून म्हातारीने उजवा कान पुढे केला आणि वाट पाहत थांबली.

शिवशंकरने जीभ नव्या दाताला लावून पाहिली. दात पक्का होता. 'स' आता लख्ख उमटत होता. नागरत्नाने त्याला कोपराने ढोसलं.

"म्हणा आता," ती पुटपुटली. "स्पष्ट म्हणा."

त्याने दोड्डव्वाकडे पाहिलं.

"हाकु," तो म्हणाला.