दहा मागा, मग थांबा

आमच्या अकोल्याच्या कार्यालयातले रफीकचाचा सर्व्हरशी अदबीनं बोलत. सर्व्हर सातासमुद्रापलीकडं, चाचा इथं पडद्यासमोर. "साहेब, दहाच फाइली मांगून राहिलो. फुरसत भेटली का द्या." एंटर दाबण्याआधी शर्टाचं वरचं बटणही लावत. आम्ही तोंड फिरवून हसायचो.

उपग्रहानं मोजलेल्या पावसाचे आकडे उतरवून घेणं हे त्यांचं काम. गावागणिक एक मागणी नोंदवायची, सर्व्हर सवडीनं फाइल तयार करी, मग ती घ्यायची. त्यासाठी चाचांनी पन्नाशीनंतर 'आर' ही संगणकाची भाषा शिकून स्वतः प्रोग्राम लिहिला होता. दहा मागण्या पाठवायच्या, थांबायचं, कोणत्या आल्या, कोणत्या राहिल्या ते टिपायचं, मगच पुढच्या दहा. "पंगतीत वाढप्याले कोनी चारशे पोया एकदम मांगते का?" असं ते विचारत.

मी वरूडची, नवी आणि घाईची. त्या वर्षी पावसानं लांबलचक दडी मारली होती, कपाशीनं माना टाकल्या होत्या. कोणत्या गावात किती दिवस थेंब नाही, याचा अहवाल सोमवारी द्यायचा होता. आकडे नसलेलं गाव मदतीच्या यादीतून बाद होणार होतं. गुरुवारी चाचा जेवायला गेले आणि मी प्रोग्राममधलं ते थांबणं काढून टाकलं. चारशे गावांच्या चारशे मागण्या एकदम धाडल्या.

पाच मिनिटांत सर्व्हरनं आमचं खातंच बंद केलं.

चाचा परतले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. "चाचा, माझ्यामुळं चारशे गावं..."

"रडून कावून राहिली बेटा? मानूस असो का मशीन, राग आला तं माफी मांगा लागते."

तासभर बसून त्यांनी तिकडच्या लोकांना पत्र लिहिलं. शुक्रवारी दुपारी खातं उघडलं. मग दहा-दहा करत रविवार संध्याकाळपर्यंत फाइली आल्या. तीन मात्र आल्या नाहीत. मी म्हटलं, सगळ्याच पुन्हा मागू.

"ज्या आल्या त्यायचा तरास पुन्हा कावून? राह्यल्या तेवढ्याच मांग."

त्या तीनही आल्या. सोमवारी अहवालात एकही गाव सुटलं नव्हतं.

चाचांच्या पत्राची प्रत मला महिन्याभरानं कार्यालयाच्या मेलमध्ये सापडली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: चूक माझी आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला थांबा म्हटलं होतं, मी म्हाताऱ्यानं ऐकलं नाही.

पत्र सापडल्यानंतरच्या रविवारी घरची संत्री घेऊन मी बाळापूरला त्यांच्याकडं गेले. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दूर सासरी. दोन खोल्यांत चाचा एकटेच.

"ते पत्र वाचलं मी, चाचा."

"मंग? खातं उघडलं ना?" एवढं बोलून ते चहा ठेवायला आत गेले.

चहा झाल्यावर मी उठले. त्यांनी न विचारताच माझ्या कपात आणखी ओतला.

"बस ना बेटा. लय दिवसानं या घरात दोन कप धुवा लागतीन."

मी पुन्हा बसले.