पाच वर्षांचा पावणा

यंदा होळीच्या सुमारास गणपतआप्पांनी फ्रीजसमोर नारळ फोडला. नव्या फ्रीजला हळदकुंकू वाहणारी माणसं आमच्या पेठेत घरोघर आहेत. आप्पांचा फ्रीज नवा नव्हता. त्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं आणि त्याची वॉरंटी संपली होती. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत आप्पा म्हणाले, "आजपासनं घरचा झाला बगा, मास्तर." लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते फ्रीजच्या मागं जाऊन बसले. फ्रीज उत्तम चालला होता. मी तसं म्हणालो, तर आतून आवाज आला, "बिघाड न्हाय हो. नुसती वळख करून घेतो."

आप्पा आमचे शेजारी. आमची भिंत सामाईक आहे, त्यामुळं त्यांच्या घरातला पंखा कुरकुरायला लागला की आमच्या घरात कळतं. माझा जन्म झाला तेव्हापासून ते मला बाळू म्हणत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो त्या दिवशी त्यांनी मला "अहो मास्तर" केलं. यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

त्यांच्या लेखी यंत्रांच्या दोनच जाती आहेत. पावणी आणि घरची. वॉरंटी आहे तोवर यंत्र पावणं. त्याच्याशी अदबीनं वागायचं, त्याला थापटायचं नाही, दुखलं-खुपलं तर कंपनीला कळवायचं आणि गप्प बसायचं. वॉरंटी संपली की नारळ फोडायचा. मग ते घरचं. मग त्याला शिव्या घालायला, ठोकायला आणि उघडून बघायला आप्पा मोकळे.

आमचा मिक्सर अकराव्या महिन्यात बंद पडला. आईनं मला तो घेऊन शेजारी पिटाळलं. आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "अजून एक म्हैना पावणा हाय. कंपनीला बलवा."

"आप्पा, नुसती वायर सुटली असेल."

"असंल की. म्हणून पावण्याच्या पिशवीत हात घालायचा व्हय?"

कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. महिनाभर आईनं पाट्यावर चटणी वाटली आणि वाटताना आप्पांचा उद्धार केला. वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात आप्पा उभे, हातात पक्कड आणि नारळ. चहा उकळेपर्यंत मिक्सर चालू झाला होता. वायरच सुटली होती.

वाढीव वॉरंटी या प्रकाराचा तर त्यांना मनापासून तिटकारा. ते वॉशिंग मशिन घ्यायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. आणखी तीन वर्षं कसली काळजी नाही, असं दुकानातला विक्रेता गोड आवाजात सांगत होता. आप्पांनी त्याला विचारलं, "पावणं, तुमच्या घरात पावणा चार वर्सं ऱ्हायला तर तुमास्नी बरं वाटंल?" तो बिचारा गोंधळून मालूकाकींकडं बघायला लागला. मालूकाकी म्हणजे आप्पांची बायको. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं तर ह्यांची घ्यायला पायजे हुती. माझ्या बाच्या ध्यानातच आलं न्हाय." दुकान हसलं, आप्पाही हसले. वाढीव वॉरंटी काही घेतली नाही.

ही मिजास त्यांना शोभायची, कारण तिच्यामागं कान होता. आप्पा आयुष्यभर उद्यमनगरात फिटर होते, शेतावरच्या पंपाची ऑइल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात. मी लहान असताना काकींनी दिलेला डबा घेऊन तिथं जायचो. बाहेर पडणारं प्रत्येक इंजिन आधी आप्पांसमोर चालवलं जाई. समोर म्हणजे पाठीमागं. ते इंजिनाकडं पाठ करून, डोळे मिटून, लाकडी खोक्यावर बसायचे आणि मांडीवर बोटानं ठेका धरायचे. "तोंड बगितलं की माणूस भुलतो," म्हणायचे. "आवाज खोटं बोलत न्हाय." मग बोट थांबायचं आणि ते डोळे न उघडताच सांगायचे, की अमुक नट अर्धा आटा ढिला आहे. तो ढिला असायचाच. तेलाचा आणि धुराचा तो वास, सगळ्या शेडमध्ये घुमणारी ती धपधप आणि डोळे मिटून बसलेले आप्पा. पुढं मी बऱ्याच सभांना आणि मैफलींना गेलो, पण इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला परत दिसला नाही.

त्या कानाचं सगळ्यात मोठं काम मी बोटीत बसून पाहिलं. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं. आमच्या तालमीनं, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या गल्लीच्या मंडळानं, कुठून तरी एक जुनी मोटारबोट मागून आणली होती. बोटीत मी, आई, मालूकाकी आणि आणखी चार जण. आप्पा इंजिनाकडं पाठ करून बसले होते. मध्येच म्हणाले, "भिंतीकडं घ्या. आता बंद पडणार." आम्हाला तर इंजिन ठणठणीत वाटत होतं. बोट भिंतीला लागली, पोरांनी खिडकीचे गज धरले आणि इंजिन बंद पडलं. अजून पन्नास पावलं पुढं गेलो असतो तर नदीच्या मूळ धारेत होतो. आप्पांनी प्लग काढला आणि हाताला जे आलं त्यानं पुसला. ते होतं काकींच्या नव्या इरकलीचा पदर. पुढं कधीही पुराचा विषय निघाला की काकी म्हणायच्या, "माणसं वाचली. खरं माझी इरकल गेली."

तीन वर्षांपूर्वी काकीही गेल्या. मुलगा पुण्यात, तो फोन करतो. आप्पा वरणभात करतात, यंत्रांचे वाढदिवस पाळतात आणि गल्लीतल्या पोरांच्या मोटारसायकली उघडून बसतात.

या उन्हाळ्यात तालमीनं स्वतःची बोट घेतली. वर्गणी जमवून नवं कोरं इंजिनही आणलं. बोटीच्या मागं अडकवायचं, काळंभोर, चकचकीत. कंपनीची वॉरंटी दोन वर्षांची. आणखी तीन वर्षं वाढवून हवी असतील तर रविवारपर्यंत सांगायचं होतं. कागद इंग्रजीत असल्यामुळं तो माझ्याकडं आला. एक अट ठळक अक्षरात होती. कंपनीच्या माणसाशिवाय कुणीही इंजिनाचं झाकण उघडलं तर वॉरंटी रद्द. बदल्यात दरवर्षी पावसाळ्याआधी कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून जाणार.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला आप्पांचीच काळजी वाटायला लागली. दोन वर्षं ते कशीबशी कळ काढतील. पण पाच वर्षं? आप्पांनी अठ्ठ्याहत्तरी गाठलीय. या गल्लीत त्यांना जी काही जागा उरली होती ती त्या पान्या-पकडींमुळं. पाच वर्षं त्या इंजिनाला हात लावायचा नाही, म्हणजे बहुधा कधीच लावायचा नाही. विरोध तेच करणार आणि त्यांनी तो करावाच, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी तालमीसमोर इंजिन चालवून दाखवलं. मोठ्या पिंपात पाणी भरलं, त्यात इंजिनाचा पंखा बुडवला आणि कंपनीच्या माणसानं दोरी ओढली. सगळी गल्ली गोळा झाली होती. आप्पा रीतीप्रमाणे वीस पावलांवर तालमीच्या पायरीवर पाठ करून बसले. डोळे मिटले. मांडीवर बोट पडायला लागलं. मला एकदम डबा घेऊन आल्यासारखं वाटलं.

पिंपातलं पाणी तापलं तसं त्या माणसानं इंजिन बंद केलं. गल्ली शांत झाली. आप्पांचं बोट चालूच होतं. मान डोलत होती. बऱ्याच वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "सुरात हाय."

लोक खो खो हसले. तालमीचा अध्यक्ष विश्वासदादा ओरडून म्हणाला, "आप्पा, बंद इंजिन पण सुरात व्हय?"

आप्पा वळले. त्यांनी पिंपाकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं आणि क्षणात म्हणाले, "बंद असताना बी सुरातच असाय पायजे की. न्हायतर चालू झाल्यावर काय गाणार?" हशा दुप्पट झाला. मीही हसलो. पण ते वळले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. जत्रेत हात सुटलेल्या माणसाचा असतो तसा होता.

रविवारी संध्याकाळी तालमीत बैठक झाली. मी अटी मराठीतून वाचून दाखवल्या. इंजिन पूर्ण बुडाल्यास वॉरंटी लागू नाही, हे ऐकून एकानं विचारलं, मग बोट गच्चीवर चालवायची काय? विश्वासदादा आप्पांकडं वळून म्हणाला, "आप्पा, तुमचं काय ते ठाऊक हाय. तरणेपणी गूळ आटवायच्या काहिलीत बसून तुम्ही पूर पार केलाय. काहिलीला कुठली वॉरंटी? आपल्याकडं घरचा डॉक्टर असताना ह्येंची कशाला पायजे? नगं म्हणून टाकू काय?"

आप्पा म्हणाले, "घ्या."

विश्वासदादाला वाटलं त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

"घ्या म्हणलं न्हवं. पाच वर्सं पावणा ऱ्हाऊ दे. कंपनीच्या माणसाला येऊ दे दर साली."

"आणि झाकण?"

"झाकणाला कुणी हात लावायचा न्हाय. मी बी न्हाय."

लोक चाट पडले. म्हातारा कंपनीला फितूर झाला, असंही कुणीतरी हळूच म्हणालं. पण आप्पांनीच घ्या म्हटल्यावर नको कोण म्हणणार? ठराव झाला. वॉरंटीचा कागद सांभाळायला आप्पांकडंच दिला, कारण गल्लीतले असले सगळे कागद त्यांच्याच ट्रंकेत असतात.

घरी येताना आम्ही दोघंच होतो. मी काही विचारणार नव्हतो. कोपऱ्यावरच्या नळाशी ते थांबले.

"शुक्रवारी त्येनं इंजिन कवा बंद केलतं?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही सुरात हाय म्हणायच्या बऱ्याच आधी."

त्यांनी मान हलवली. "मला ऐकूच यायलतं. चालू असल्यावानी. ते डोस्क्यातलं असंल, कारखान्यातलं." नळाची तोटी घट्ट पिळत ते म्हणाले, "त्या पुरात बंद पडायच्या आधी मला कळलं हुतं. आवाज बदललाता. आता कळायचं न्हाय. बोटीत माणसं असत्यात बाळू. माझ्या मिजाशीवर त्येंस्नी न्यायचं व्हय? कान असलेला माणूस वर्साला येऊ दे."

वीस वर्षांनी त्यांच्या तोंडून बाळू ऐकलं. मग मी उगाचच म्हणालो, "कानाचं यंत्र मिळतं आप्पा. चांगलं मिळतं."

"घेऊन काय ऐकू? घरात हाक मारणारं कोण हाय?" ते चालायला लागले. "शेवटाला ती तीन-तीनदा हाक मारायची. मी म्हणायचो, आलो की, ऐकलंय. ऐकलेलं नसायचं. तिला ठाऊक असणार."

मला फार वाईट वाटलं. सामाईक भिंतीतून पंख्याची कुरकुर ऐकणारा मी, पण काकींना तीन-तीनदा हाक मारावी लागते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्यांच्या घरात शिरल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. कागद ठेवायच्या आधी त्यांनी तो एका जुन्या कापडात गुंडाळला. इरकलीचा पदर होता, एका टोकाला प्लगच्या काजळीचा डाग. मग मला म्हणाले, "पाच वर्सांनी नारळ तू फोड. आणि झाकण उघडताना मला न्ये. नुसता बगतो. आता बगूनच कळलं तर कळंल."

"नेतो की. हाक मारीन."

"हाक नगं मारूस," आप्पा म्हणाले. "आत यायचं आणि खांद्याला हात लावायचा."

तेव्हापासून मी त्यांना दारातून हाक मारत नाही. शाळेतून आलो की सरळ आत जातो. ते बहुतेक वेळा फ्रीजकडं पाठ करून बसलेले असतात, डोळे मिटून, मांडीवर बोट चालू. मी खांद्याला हात लावतो. ते दचकत नाहीत. "ये बाळू," म्हणतात, जसं काही मी येताना मघापासून त्यांना ऐकू येत होतो.