परिपत्रकबाईंची लाली

"ओळख पटली नाही," ऑफिसच्या दारावरचं हजेरीचं यंत्र गोड आवाजात म्हणालं आणि परिपत्रकबाईंनी चेहरा पुसून पुन्हा त्याच्यासमोर धरला.

हे चेहरा ओळखणारं यंत्र आणायला लावलं होतं त्यांनीच. 'यंत्राने ओळखलं नाही तर गैरहजेरी, सबब चालणार नाही' आणि 'चेहऱ्याची नव्याने नोंद वर्षातून एकदाच' ही परिपत्रकंही त्यांच्याच सहीची. उगाच नाही त्यांना हे नाव पडलं! महिनाअखेरीस मुख्य लिपिकाची जागा भरायची होती. त्या महिन्यात एक जरी गैरहजेरी लागली तर नाव यादीतून बाद. ही अटही बाईंनीच घातली होती, दुसऱ्या कुणालातरी डोळ्यांसमोर ठेवून.

घोटाळा शनिवारच्या उपचाराने केला. मुख्य लिपिकाच्या खुर्चीतलं माणूस कसं टवटवीत दिसायला हवं! सव्वीस वर्षं ऑफिससाठी रक्त आटवलं, आता थोडं स्वतःसाठी, असं म्हणत बाई त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दंडातून रक्त काढलं, नळीत भरून यंत्रात गरागरा फिरवलं आणि वर आलेलं पिवळसर पाणी बारीक सुयांनी बाईंच्याच गालांत टोचलं.

"दोन-चार दिवस लाली राहील, मग हळूहळू तेज येईल," त्या म्हणाल्या. बाईंनी तेज तेवढं ऐकलं. सोमवारी चेहरा टोमॅटो झाला होता.

"बाई, नियम तुमचाच," साहेब गालातल्या गालात हसत म्हणाले. "करा नव्याने नोंद. वर्षातली एकुलती एक."

यंत्राने तो सुजका, लालबुंद चेहरा मनापासून स्वीकारला. बुधवारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. गुरुवारी सूज उतरली, लाली गेली, बाई खरोखरच छान दिसू लागल्या.

"ओळख पटली नाही."

"काय बाई, आज अगदी ओळखूच येत नाही!" शिपाईकाका मागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" बाई कडाडल्या. संतापाने चेहरा लाल झाला.

"ओळख पटली," यंत्र म्हणालं.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज सकाळी दारात येऊन कुणीतरी आपल्याला चिडवायला हवं. आणि हे काम नवऱ्याचं नाही तर कुणाचं? पण नवरा पडला ग्रंथपाल. आवाज चढवणं त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं.

"बोला काहीतरी लागेल असं," शुक्रवारी दारात बाई म्हणाल्या.

"कालची भाजी..." ग्रंथपाल कुजबुजले.

"हं, भाजीचं काय?"

"जरा कमी पडली."

"अहो, हे कौतुक झालं!"

त्यांच्या नालायकीवरच बाई इतक्या चिडल्या की तो दिवस निभावला. सोमवारी मात्र ग्रंथपाल तयारीने आले. पुस्तकांच्या यादीसारखी कार्डं, अकारविल्हे लावलेली.

"'म'. तुझी मावशी."

"मावशीचं काय?"

"नको तिथे नाक खुपसते."

"माझी मावशी? आणि तुमची आत्या काय करते?"

"ओळख पटली."

'भ'वर भाऊ होता, 'घ'वर बाईंचं घोरणं. घोरण्याच्या दिवशी यंत्राने बाईंना सात फुटांवरूनच ओळखलं. ऑफिसातली माणसं आता दहा मिनिटं आधीच रांगेत येऊन उभी राहत, ऐकायला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हजेरी बंद व्हायला दोन मिनिटं उरली होती आणि ग्रंथपाल रिकाम्या हातांनी उभे होते.

"कार्डं संपली गं."

"संपली? अहो, माझी जागा जाईल! काहीही बोला!"

"खरंच काही सापडत नाही. सगळी शोधून झाली." ते बायकोकडे बघत राहिले. मग ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाले, "छान दिसतेस. सुयांच्या आधीही दिसायचीस. सांगायचं तेवढं राहून गेलं."

शिपाईकाकांना उगाचच खोकला आला. बाई कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या.

"ओळख पटली," यंत्र म्हणालं. दार उघडलं.

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"मला नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "परत म्हणा."

त्या दिवशी मागच्या सात जणांची गैरहजेरी लागली.