टिपणीसकाका आणि नवीन गाणी

भर कार्यक्रमात, स्टेजवर बसून, सगळ्यांच्या देखत हाताची घडी घालणारा वादक मी एकच पाहिला. बँड रंगात आलाय, गिटारवाला उड्या मारतोय, लोक टेबलांवर ताल धरतायत, आणि आमचे टिपणीसकाका दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे समोर बघत बसलेत. गाणं नवीन असलं की हे ठरलेलं.

अमेरिकेत, शिकागोबाहेरच्या नेपरव्हिलजवळ एका हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी तळलेल्या माशांचं जेवण आणि सोबत कंट्री गाणी असायची. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकूंनी काकांचं अंधारातलं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. मी समोरच्याच घरात राहणारी आणि शुक्रवारी शिकागोहून लवकर परतणारी, त्यामुळे सारथ्य माझ्याकडे आलं. कंट्री संगीताशी तोवर माझा काडीचा संबंध नव्हता.

काका वाजवायचे ती पेडल स्टील गिटार. गिटार म्हणायची एवढंच, दिसते टेबलासारखी. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, पायांनी पेडलं दाबायची आणि गुडघ्यांनी खालच्या दांड्या ढकलायच्या. "मशीनवर बसलेत," असं काकू सांगायच्या, आणि दुरून बघितलं तर काका परकर शिवतायत असंच वाटायचं. आवाज मात्र असा, की पहिल्या शुक्रवारी मासे खाता खाता मला उगाचच रडू आलं.

कॉलेजात असताना काका नाशिकला गणपतीच्या कार्यक्रमांत हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे. इथे पंपांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले, तिथे वॉल्टर नावाचा वेल्डर होता. तो गायचा. कंपनीच्या पिकनिकला त्याच्या बँडमधली स्टील गिटार ऐकून काका हातात ताट धरून नुसते उभे राहिले. पुढच्याच आठवड्यात वॉल्टरने त्यांना ट्रकमध्ये घातलं आणि एक जुनी स्टील घेऊन दिली. तेव्हापासून दोघं एकत्र वाजवत होते. वॉल्टर त्यांना 'शॅरड' म्हणायचा. काकांचं नाव शरद आहे, पण ते त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

नव्या गाण्यांबद्दलचं प्रवचन मला गाडीत ऐकावं लागायचं. "हे बघ, जुन्या गाण्यात गायक एक ओळ म्हणतो आणि थांबतो. तो थांबला की मी बोलायचं. तो आला की मी गप्प. सिंपल. नवीन गाण्यात दोन गिटारी, फिडल, ड्रम, सगळे एकदम सुटलेले. आम्हाला जागा कुठाय?" मग शेवटचा शेरा: "गाणं नव्हे ते, वर्दळ आहे."

या सगळ्याने बँडमधला तरुण गिटारवाला केव्हिन जेरीस आला होता. हॉलच्या मॅनेजरला नवीन गाणी हवी होती. "शॅरड, काहीतरी वाजव," केव्हिन अजिजीने म्हणायचा. काका सांगायचे, "काहीतरी मला वाजवता येत नाही." वॉल्टर हसायचा आणि म्हणायचा, "राहू दे रे, शॅरडला आवडत नाहीत." आणि सुरू केलेलं नवीन गाणं तिथेच सोडून जुनं सुरू व्हायचं. शेवटी केव्हिनने निक्षून सांगितलं, की पुढच्या शुक्रवारी शॅरड नवीन गाण्यांत वाजवणार नसेल, तर आपण दुसरा स्टीलवाला आणू.

परतताना मीही ऐकवलं. "काका, थोडं ॲडजस्ट करा ना. हट्टापायी हातचं जाईल."

"जाऊ दे," काका म्हणाले. मला त्यांचा मनापासून राग आला.

रविवारी काकूंचा डबा परत द्यायला गेले, तर खालून बेसमेंटमधून एक नवीन गाणं ऐकू येत होतं, केव्हिनचं लाडकं. सीडी लावली होती आणि तिच्यावर काका स्टील वाजवत होते. त्या सगळ्या वर्दळीत त्यांना जागा सापडली होती, आणि ती फार सुंदर होती.

"रोज चालतं हे," काकू म्हणाल्या. "आवडतात ह्यांना ती गाणी."

मी तडक खाली गेले. काका चोरी पकडल्यासारखे उठले, मग पुन्हा बसले.

"वॉल्टरच्या लक्षात राहत नाही गं," ते म्हणाले. "नवीन गाणं तर बसतच नाही डोक्यात. जुन्यात ओळ विसरला, तर मी आत शिरतो. त्याला सापडेपर्यंत फिरवत राहतो. लोकांना वाटतं, म्हातारा रंगात आलाय. नवीन गाण्यात हे कसं जमणार? सगळ्यांना दिसेल." थोडा वेळ ते तारा पुसत राहिले. "मला हट्टी म्हणाले तर म्हणू देत. पण मला काढलं ना, तर त्याला कोण सांभाळणार?"

"वॉल्टरला माहीत आहे?"

"मी विचारलेलं नाही."

शुक्रवारी सुरुवात जुन्या गाण्याने झाली. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी वॉल्टर थांबला. काका आत आले. एक फेरी झाली. वॉल्टरने तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी आणखी एक फेरी घेतली, मग आणखी एक. केव्हिनने आधी वैतागून काकांकडे पाहिलं, मग वॉल्टरकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्याच्याकडेच पाहत राहिला. त्याने आपली गिटार थांबवली. अख्खं कडवं काकांनी एकट्याने वाजवलं आणि गाणं तिथेच संपवलं. टाळ्या पडल्या.

वॉल्टर माईकमध्ये मोठ्याने हसला. "बघा, हा शॅरड. म्हातारा झालाय. मला गाऊच देत नाही आता."

सगळे हसले. केव्हिन हसला नाही. त्याने नवीन गाण्याचं नावही काढलं नाही, दुसऱ्या एका जुन्याच गाण्याचा ठेका धरला.

"सॉरी, वॉल्टर," काका म्हणाले, आणि पुढे वाकून त्यांनी त्या गाण्याचे पहिले शब्द हळूच त्याच्या कानात सांगितले.